न दिसणाऱ्या जागेचं माप

काँक्रीटच्या त्या प्लांटवर त्यांचं खरं नाव हजेरीच्या यादीपुरतं उरलं होतं. बाकी सगळे त्यांना मिलीमीटरकाका म्हणत. बांधकामाच्या जागी दोन भिंतींच्या मधल्या बोळात जिथे इतर चालक खाली उतरून डोकं खाजवत उभे राहायचे, तिथे काका आपला मिक्सर उलटा घालून असा उभा करायचे, की दोन्ही बाजूंना हाताचा पंजा जेमतेम शिरावा. कुणी वाखाणलं तर म्हणायचे, "मी काय केलंय त्यात? आरसे दाखवतात, मी चाक फिरवतो."

मिक्सर म्हणजे पाठीवर भलंमोठं पिंप घेऊन फिरणारा ट्रक. आतलं ओलं काँक्रीट दीडेक तासात ओतलं नाही तर घट्ट होऊन बसतं, म्हणून पिंप सतत फिरत राहतं आणि चालकाच्या मागे घड्याळ लागलेलं असतं. पण काकांना घाईत कुणी पाहिलं नव्हतं. सव्वीस वर्षं गाडी चालवून एक ओरखडा नाही. रोज सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारायची, प्रत्येक चाकाला थाप द्यायची आणि सहाही आरसे स्वतः पुसायचे. त्या फडक्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर काका दिवसभर फुरंगटलेले असत.

घरी काकू होत्या. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली काकूंच्या शिवणयंत्राची. कापडाचे गठ्ठे, खाकी कागदावर कापून ठेवलेले नमुने आणि टेबलाच्या कडेला लोंबणारी मापाची फीत. गिऱ्हाइकांचा राबता संध्याकाळपर्यंत चालायचा. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. नवरा-बायको दोघंही मापाची माणसं, त्यामुळे घरात भांडण झालंच तर तेही मापात व्हायचं.

त्या मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी काका औषधाच्या दुकानाजवळच्या चौकात लाल दिव्याला थांबले होते. त्यांना डावीकडे वळायचं होतं. डावा दिवा लुकलुकत होता. त्यांनी नेहमीसारखे आरसे पाहिले, सगळे रिकामे. हिरवा लागला. आधी नाक थोडं पुढे काढून मग त्यांनी चाक डावीकडे फिरवलं. आणि कुणीतरी रिकामा डबा पायाखाली चेपावा तसा आवाज आला.

समोर औषधाच्या दुकानातला माणूस दोन्ही हात वर करून धावत येत होता. काकांनी ब्रेक दाबला आणि तसेच खाली उडी मारून पलीकडच्या बाजूला गेले.

सायकलचं मागचं चाक ट्रकच्या मागच्या चाकाखाली पापडासारखं चपटं झालं होतं. तिथून वीतभर अंतरावर एक बाई कुशीवर पडली होती, आणि तिचा उजवा पाय सायकलच्या सांगाड्यात अडकला होता. ती रडत नव्हती की ओरडत नव्हती. खणखणीत आवाजात, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "गाडी मागे घेऊ नका. कुणीही गाडी मागे घेऊ नका."

काका तिच्याजवळ रस्त्यावरच बसले. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही चालवत होता?"

"हो."

"मी दिसले नाही तुम्हाला?"

काकांना खोटं बोलता येत नव्हतं. "नाही," ते म्हणाले.

"मी तर तुमच्या अगदी शेजारी होते," ती म्हणाली. मग रुग्णवाहिका आली.

ती महापालिकेच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. गळ्यात कायम शिट्टी असायची म्हणून मुलांनी तिचं नाव शिट्टीताई पाडलं होतं. पायाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर आणि तीन महिने घरी बसणं. जीव वाचला होता आणि पाय पूर्ण बरा होणार होता. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर ताटकळलेल्या काकांच्या जिवात जीव आला. पण तो तेवढ्यापुरताच.

पोलिसांची चौकशी झाली. गाडीचा डावा दिवा चालू होता, आरसे जागच्या जागी होते, वेग कमी होता, चालक प्यायलेला नव्हता. सायकलवालीही आपल्या पट्ट्यातूनच आली होती. रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी रंगवलेला तो पट्टा तिला ट्रकच्या डाव्या अंगाला घेऊन आला होता. चौकशी करणारा अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. यात चूक कुणाचीच नाही."

सगळ्यांना वाटलं, आता काकांना बरं वाटेल. झालं उलटंच. त्या रात्री ते जेवले नाहीत.

"अहो, तुम्हाला निर्दोष म्हटलंय ना?" काकू म्हणाल्या.

"तेच तर," काका म्हणाले. "चूक माझी असती तर मी सुधारली असती. तिची असती तर ती सुधारेल. कुणाचीच नाही म्हटल्यावर उद्या पुन्हा तसंच होणार की नाही?"

त्यांनी ताट झाकून ठेवलं.

काकांनी गाडीची किल्ली व्यवस्थापकाच्या टेबलावर नेऊन ठेवली. व्यवस्थापक वयाने लहान, कामाला वाघ आणि जरा फाटक्या तोंडाचा. "काका, आठ दिवस यार्डात काम करा, मग बघू," तो म्हणाला. आठाचे पंधरा झाले. सव्वीस वर्षांचा चालक खडीचे ढीग मोजत आणि पाण्याच्या नळ्या गुंडाळत फिरू लागला. इतर चालक बोलता बोलता ते जवळ आले की गप्प होत. ते त्यांना जास्त लागायचं.

तिसऱ्या आठवड्यात ते शिट्टीताईच्या घरी गेले. काकू बरोबर होत्या. एकटं जायची काकांची छाती झाली नसती. दार तिच्या आईने उघडलं. ते कोण हे कळल्यावर आईचा चेहरा आक्रसला, पण आतून आवाज आला, "येऊ दे गं त्यांना."

ती खिडकीजवळ बसली होती. प्लास्टरचा पाय उशी ठेवलेल्या स्टुलावर होता आणि प्लास्टरवर तलावावरच्या मुलांनी मासे काढले होते. काकांनी घरून पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, पण तिने मध्येच थांबवलं.

"माफी नंतर. आधी मला एक सांगा. तुम्ही पोलिसांना म्हणालात, मी आरशात नव्हते."

"नव्हताच तुम्ही आरशात. देवाशपथ. मी पाहिलं होतं."

"काका, मी आरशात राहत नाही. रस्त्यावर असते. आरशात नव्हते, तर मग होते कुठे?"

सव्वीस वर्षं रोज ते आरसे पुसत आले होते. आरशात काय दिसतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. काय दिसत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बघून सांगतो," ते म्हणाले. एखाद्या गिऱ्हाइकाने कापडाच्या ताग्याची रुंदी विचारावी आणि दुकानदाराने सांगावं तसं ते वाटलं, आणि शिट्टीताईच्या आईला पहिल्यांदाच हसू आलं.

रविवारी प्लांट बंद असायचा. राखणदाराला सांगून काका काकूंना घेऊन यार्डात गेले. काकूंनी पिशवीत मापाची फीत आणि कापडावर खुणा करायचे खडू घेतले होते. काका मिक्सरच्या दाराशी जाऊन क्षणभर थांबले. अपघातानंतर ते पहिल्यांदाच त्या पायरीवर पाय ठेवत होते. काका वर चढले आणि खुर्चीत बसले.

"आता तू गाडीभोवती फीर," त्यांनी खिडकीतून सांगितलं. "सावकाश. मी 'दिसतेस' म्हणालो की पुढे जा. 'गेलीस' म्हणालो की तिथे खूण कर."

काकू मागून डाव्या अंगाने येऊ लागल्या.

"दिसतेस... दिसतेस... अगं, कुठे गेलीस?"

"इथेच आहे!" दाराच्या खालून आवाज आला.

"इथेच म्हणजे कुठे?"

"तुमच्या दाराला हात लावून उभी आहे! वाजवू का?" आणि त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली.

काकांनी डाव्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत यार्डाची भिंत होती आणि वर आकाश होतं. डावे तिन्ही आरसे पाहिले. एकात पिंप, एकात चाक, एकात रिकामी जमीन. बायको दाराला हात लावून उभी होती आणि कुठेच नव्हती.

"दूर सरक. आणखी. आणखी जरा. हां, आता डोकं दिसलं."

काकूंनी खूण केली आणि फीत लावली. "दीड मीटरला बोटभर कमी," त्या म्हणाल्या. मग गाडीच्या पुढे गेल्या. तिथेही तेच. नाकाला खेटून उभ्या राहिल्या की गायब. कंबरेत वाकल्या, तर तीन पावलं लांब गेल्या तरी गायबच. मग काकांनी राखणदाराला बाजूला उभं करून, चौकात करायचे तसं चाक डावीकडे फिरवत गाडी दोन हात पुढे घेतली आणि थांबवली. या गाडीची केबिन मागच्या धुडाला सांध्याने जोडलेली, त्यामुळे ती वळली तरी मागचं धूड अजून सरळच होतं. डावे आरसे आता नुसता पिंपाचा पत्रा दाखवत होते. काकू खुणा करत करत निम्म्या गाडीपर्यंत मागे गेल्या तरी काका वरून विचारत होते, "आहेस का? आहेस ना गं?"

"आहे हो! इतकी वर्षं इथेच आहे, तुमचं लक्ष कुठे होतं?" काकू म्हणाल्या. राखणदार खो खो हसला. काकाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

मग काकूंनी सगळ्या खुणा खडूने जोडून काढल्या. जमिनीवर एक मोठा, वेडावाकडा आकार उमटला. गाडीच्या नाकाशी अरुंद, दाराशी फुगलेला आणि मागच्या चाकाकडे निमुळता. काकू कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "बाहीसारखा दिसतोय," त्या म्हणाल्या. "पण कुणाच्या अंगाला होईल ही बाही?"

सोमवारी सकाळची पाळी आली तेव्हा खडू पुसला गेला नव्हता. काय झालंय ते कळल्यावर चालक एकेक करून त्या आकारात जाऊन उभे राहू लागले. दोघे-तिघे होते ते सात झाले, मग वजनकाट्यावरचा आला, प्रयोगशाळेतल्या दोघी आल्या. एकूण चौदा जणं. सगळ्यात जुना चालक वर जाऊन बसला. हा मिलीमीटरकाकांच्याही आधीपासूनचा, आणि "सायकलवाल्यांनाच अक्कल नसते" हे त्याचं रोजचं पालुपद. तो वर बसला, इकडे-तिकडे मान वळवली आणि एकेक आरसा पुन्हा पुन्हा पाहिला.

"काय रे, किती दिसतात?" खालून कुणीतरी ओरडलं.

"एकही नाही," तो म्हणाला. "अख्खी पाळी गायब आहे."

तेवढ्यात व्यवस्थापक आला. गाड्या उभ्या, माणसं दाटीवाटीने ट्रकला चिकटलेली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय चाललंय हे? यार्डात शिवणाचा क्लास काढलाय का?"

"साहेब, दोन मिनिटं वर बसा," काका म्हणाले.

"मला वेळ नाही."

"दोनच मिनिटं."

काकांनी आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. तो वर चढला. दोनाची पाच मिनिटं झाली. मग उतरून, सरळ ऑफिसात जाऊन त्याने दार लावून घेतलं. दुपारी काकांना बोलावून विचारलं, "दाराच्या खालच्या अर्ध्या भागातला पत्रा काढून तिथे काच बसवली तर?"

काका म्हणाले, "बसवून बघू या. आणि साहेब, नाकावर एक फुगीर आरसाही पाहिजे."

एका गाडीला तसं करून पाहायचं ठरलं. दारातली काच यायला पाच आठवडे लागले, आणि पहिली आली ती उजव्या दाराची निघाली, म्हणून परत पाठवावी लागली. तोवर शिट्टीताई कुबड्यांवर चालू लागली होती. काकांनी तिला निरोप धाडला : उत्तर सापडलंय, बघायला या.

ती आली. केबिनची पायरी तिच्या कंबरेच्या उंचीला होती. वरून काकांनी हात धरला, खालून काकूंनी रेटा दिला, आणि कुबड्या धरून उभी असलेली आई "सावकाश, सावकाश" म्हणत राहिली. एकदाची ती खुर्चीत बसली. काकू खाली, पुन्हा आखलेल्या खडूच्या आकारात गेल्या, ती त्या दिवशी जिथे होती नेमक्या तिथे.

शिट्टीताईने खिडकीतून पाहिलं. आरशात पाहिलं. खुर्चीतून अर्धवट उठून, काचेला नाक लावून पाहिलं. मग परत बसली.

"मला वाटायचं, तुम्ही फोनवर असाल," ती हळू म्हणाली. "किंवा बघायचा कंटाळा केला असेल. खरं सांगू? दोन महिने मी तुम्हाला मनातल्या मनात रोज शिव्या दिल्या."

"द्यायलाच पाहिजेत," काका म्हणाले.

"सगळ्या परत घेत नाही हं. थोड्या ठेवते. तुम्हाला दिसत नव्हतं, पण दिसत नाही हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

"हो," काका म्हणाले.

ती खाली उतरली आणि कुबड्या काखेत घेता घेता म्हणाली, "आता तुमची पाळी. सायकल येते ना?"

काका वीस वर्षांत सायकलवर बसले नव्हते. राखणदाराची सायकल आणली. पहिल्या चार पेडलांत ती अशी डगमगली की काकूंनी डोळ्यांवर हात घेतला. मग जमली. भिंतीच्या कडेने त्यांनी सायकल चालवायची आणि जुन्या चालकाने चालत्या माणसाच्या वेगाने मिक्सर शेजारून आणून डावीकडे वळवायचा, असं ठरलं. व्यवस्थापक मधे हात वर करून उभा राहिला. हात खाली येताच गाडी थांबवायची.

मिक्सरचं नाक काकांच्या पुढे गेलं. सगळं ठीक होतं. मग ते वळलं आणि काकांच्या उजव्या हाताला गाडीची बाजू जवळ येऊ लागली. आधी मोकळी हवा होती तिथे दार आलं, मग पायरी, मग टाकी. त्यांना वाटलं थांबावं, पण थांबले तर मागचं चाक येणार. पुढे निसटावं, तर पुढे नाक. डावीकडे यार्डाची भिंत. मागचं चाक त्यांच्या खांद्याएवढं होतं आणि ते पुढच्या चाकाच्या वाटेने न येता आत कापत, थेट त्यांच्याकडे येत होतं. व्यवस्थापकाचा हात खाली आला. गाडी थांबली. अजून हातभर जागा होती, पण काकांनी सायकल टाकून भिंतीला पाठ लावली होती आणि ते घामाने चिंब झाले होते.

"कळलं?" शिट्टीताईने विचारलं.

"या गाडीचं प्रत्येक चाक मला पाठ आहे," काका धापा टाकत म्हणाले. "पण असं कधी पाहिलं नव्हतं."

त्यावर ती म्हणाली, "आणि तो पट्टा आम्हाला रोज नेमका इथेच आणून सोडतो."

हे वाक्य काकांच्या डोक्यात राहिलं. आरसे नि काचा एका प्लांटच्या गाड्यांना लागतील. शहरात आणखी शेकड्यांनी मोठ्या गाड्या होत्या, आणि रंगवलेला पट्टा सायकलवाल्यांना हाताला धरून त्या सगळ्यांच्या आंधळ्या अंगाला नेत होता. म्हणजे रस्ते विभागात जायला हवं होतं. शिट्टीताईने अर्ज लिहिला. उत्तर आलं : आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. दुसरा लिहिला. तेच उत्तर, तारीख तेवढी नवी.

"कागदावर लिहून त्यांना कळत नाहीये," काकू म्हणाल्या. "कागदच दाखवू या."

त्यांनी नमुन्यांचा खाकी कागद काढला. आठ दिवस संध्याकाळी कपड्यांचं काम बाजूला ठेवून त्यांनी तो आकार खऱ्या मापात, पट्ट्या जोडून जोडून बेतला. घरात मावेना म्हणून जिन्यात पसरून चिकटवला. शेजारणींनी पाय न देता कडेकडेने ये-जा केली. कडेला काकूंनी कापडाची गोटही लावली, फाटू नये म्हणून. सवयच ती.

ठरलेल्या दिवशी तिघंजणं रस्ते विभागात पोहोचली. काकांच्या खांद्यावर गालिच्यासारखी गुंडाळी, काकूंच्या हातात पिशवी, शिट्टीताईच्या हातात आता एकच काठी. बाहेरच्या टेबलावरचा साहेब म्हणाला, "अर्ज ठेवून जा."

"अर्ज मोठा आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सुतळी सोडली.

खोलीत तो अर्धाही उलगडेना. मग लांबलचक पडवीत उलगडला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाकी कागद पसरला आणि पाणी प्यायला निघालेली माणसं थबकली. पाच-सात जणं कागदावर उभी राहिली, तेव्हा कोपऱ्यात काका गाडीत बसल्यासारखे खुर्चीवर बसले होते. ते एकेकाकडे बोट करून सांगत होते, "तुम्ही नाही दिसत. तुम्हीही नाही. बाई, तुमची फाइल दिसते, तुम्ही नाही."

गडबड ऐकून शेवटच्या खोलीतून एक अभियंता बाई बाहेर आल्या. पिकलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी कागदाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून गोट चाचपली.

"हे माप कुणी घेतलं?"

"मी," काकू म्हणाल्या. "इकडे-तिकडे बोटभर फरक असेल, जास्त नाही."

"आमच्या नकाशात हे नाही," अभियंता बाई म्हणाल्या. मग शिट्टीताईच्या काठीकडे आणि काकांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "कुठला चौक?"

यापुढचं सगळं भराभर झालं असं नाही. त्यात दहा महिने गेले. बैठका झाल्या, एका बड्या साहेबाने "सायकलवाल्यांनी जरा बघून चालवावी" असं सांगून विषय दोनदा मागे ढकलला. अभियंता बाई मात्र चिवट होत्या. पुढच्या बैठकीला त्यांनी त्या साहेबाला प्लांटवर नेऊन खुर्चीत बसवलं. अखेर औषधाच्या दुकानाजवळचा चौक खोदायला घेतला. कोपऱ्यावरचा पदपथ पुढे वाढवला, म्हणजे मोठ्या गाडीला झोकात वळता येऊ नये. गाड्यांची थांबायची रेघ मागे नेली आणि सायकलींना तिच्या पुढे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, ऐसपैस जागा दिली. शिवाय सायकलींचा हिरवा दिवा सहा सेकंद आधी लागू लागला. असे तीन चौक झाले. पुढच्या वर्षी आणखी चार होणार होते. मंजूर झाले दोनच, आणि शिट्टीताई उरलेल्या दोनांसाठी अजून अर्ज लिहिते आहे.

काकांचं काय झालं, तेही सांगायला हवं. दारात काच बसवलेली पहिली गाडी त्यांनीच चालवावी, असं व्यवस्थापकाचं म्हणणं पडलं. चौक नवा होईपर्यंत काका ते टाळत राहिले, मग एकदाची किल्ली घेतली. पण दोन आठवडे त्यांच्या खेपांना वेळ लागू लागला. चौकशी केल्यावर कळलं, की काका डावीकडे वळतच नव्हते. डावीकडे जायचं असलं की सरळ पुढे जायचं, मग उजवं, उजवं, पुन्हा उजवं.

"अहो, अशाने एक दिवस काँक्रीट पिंपातच जमायचं," काकू म्हणाल्या.

"मला भीती वाटते गं," काका म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी हे वाक्य उच्चारलं असेल. काकूंनी शिवणयंत्र थांबवलं आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"वाटू दे की," त्या म्हणाल्या. "भीती वाटणारा माणूसच बघून वळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्याच चौकात लाल दिव्याला थांबले. डावा दिवा लावला. पुढच्या जागेत चार सायकली उभ्या होत्या. सहा सेकंदांचा दिवा लागला आणि त्या निघून गेल्या. मग काकांचा हिरवा लागला. त्यांनी आरसे पाहिले, नाकावरचा फुगीर आरसा पाहिला आणि शेवटी मान वाकवून दारातल्या काचेतून खाली पाहिलं.

तिथे एक बूट होता. निळा, पांढऱ्या नाडीचा, पेडलवर टेकलेला. कुणीतरी उशिरा येऊन गाडीच्या बाजूला थांबलं होतं. काका हलले नाहीत. मागच्या मोटारीने भोंगा वाजवला. काकांनी खिडकीतून हात काढून थांबायची खूण केली. बूट एकदा खाली गेला, वर आला, आणि पुढे निघून गेला. चालवणाऱ्याने वर पाहिलंसुद्धा नाही. काच रिकामी झाली. मग काकांनी चाक डावीकडे फिरवलं.

संध्याकाळी घरी आल्यावर ते हातपाय न धुताच काकूंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"आज एक बूट दिसला," ते म्हणाले.

काकूंनी सुईत दोरा ओवता ओवता वर पाहिलं. "कुणाचा?"

"कुणास ठाऊक. निळा होता."

काकूंनी सुई खाली ठेवली. "बसा. चहा टाकते," त्या म्हणाल्या, आणि आत जाता जाता त्यांनी काकांच्या पाठीवर हळूच हात ठेवला.

आता प्लांटवर महिन्यातून एका शनिवारी दुपारी फाटक उघडं असतं. खडूच्या जागी पक्का पिवळा रंग आला आहे. कुणीही सायकलवाला येऊन खुर्चीत बसू शकतो, आणि नव्या चालकाला पहिल्या दिवशी किल्लीऐवजी सायकल मिळते. शिट्टीताई यार्डात उभी राहून तलावावरच्याच आवाजात सूचना देते. पाय बरा झाला, थंडीत जरा ठणकतो. ती पुन्हा सायकलनेच कामावर जाते. मोठ्या गाडीशेजारी उभी राहायची वेळ आली तर आधी चालकाच्या चेहऱ्याकडे बघते, आणि चेहरा दिसला नाही तर मागेच थांबते.

मागच्या शनिवारी एक आजीबाई आपली सायकल घेऊन आल्या होत्या. खुर्चीत बसून त्यांनी सगळं नीट न्याहाळलं, आणि खाली उतरून मिलीमीटरकाकांना विचारलं, "बाबा रे, इतकं कमी दिसत असताना तुम्ही गाडी चालवता तरी कशी?"

"सावकाश, आजी," काका म्हणाले. "आता फार सावकाश."

आणि रांगेत पुढे कोण आहे ते बघायला ते वळले.